काचेवरची रेघ

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षं प्रेशर गेज तपासतोय. काढायचा, तपासायचा, तारखेचं स्टिकर लावून परत जागेवर बसवायचा. प्रत्येक गेजवर एक लाल रेघ असते. काटा इथपर्यंत, पुढं नाही. ही रेघ काच उघडून आतल्या आकड्यांच्या तबकडीवर मारायची असते. वरच्या काचेवर मारली की झालं कल्याण, कारण काच सैल होऊन फिरते आणि तिच्याबरोबर रेघही फिरते. पण ऑपरेटर मंडळी आळसानं काचेवरच मार्कर ओढतात. त्यावरून मी कितीजणांची बिनपाण्याची हजामत केली असेल, गणती नाही.

आणि घरी या शहाण्यानं काय केलं? काचेवरच रेघ ओढली.

आम्ही पालघरला राहतो. मी कंपनीच्या बसनं जायचो आणि गाडी बायको चालवायची. टायरची हवा मात्र माझा हट्ट. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा काटा म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार, म्हणून मी स्वतःच एका गेजला नळी बसवली आणि छोटा पंप आणला. गाडीच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर होतं, चारही टायरना तेहेतीस. त्याच आकड्यावर मी लाल रेघ ओढली. मी बायकोला म्हटलं, "आकडे बघत बसू नकोस. सकाळी टायर गार असताना लाव, काटा लाल रेघेवर आला की पुरे."

"अहो, मला आकडे येतात हो वाचता," ती हसत म्हणाली. पण ऐकलं माझंच. दर रविवारी पदर खोचून ती चार टायरांपुढं बसायची.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई महिनाभर राहून सांगलीला परत निघाल्या होत्या. मनोरला हायवेवर त्यांची बस मिळायची होती. मी पहिल्या पाळीला गेलो होतो. बायकोनं सकाळी हवा बघितली, सामान भरलं, आईला मागं बसवलं. वाटेत मासवण ओलांडल्यावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी झाडावर गेली. बायकोचा हात मोडला. सासूबाई दवाखान्यात पोचेपर्यंत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गेलो. त्यांना बाहेर काढणारा गावातला एकजण तिथंच उभा होता. "बाकीच्या टायरांतबी हवा कमीच हाय, बघा," तो म्हणाला. मी डिकीतून गेज काढून लावला. काटा बरोबर लाल रेघेवर थांबला. रेघेखाली आकडा होता बावीस. दुसऱ्या टायरला लावला, बावीस. तिसऱ्याला, बावीस. हलगर्जीपणानं भरलेली हवा अशी सारखी नसते. तिनं अगदी रेघेपर्यंत, तंतोतंत भरली होती. काच कधी फिरली देव जाणे.

मी खिशातून रुमाल काढला आणि रेघ पुसून टाकली.

हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते. पण तेव्हा वाटली नाही, हे खरं आहे.

दिवसकार्याला मेहुणा सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "हवा बघायची अक्कल नाही आणि गाडी चालवते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी किती सांगणार?" मी मूग गिळून बसलो. वाटलं, तिचं प्लास्टर निघालं की सांगू. प्लास्टर निघालं. मग वाटलं, पावसाळा जाऊ दे. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. भावानं तिचे फोन घेणं बंद केलं. तिनं गाडीची किल्ली पुन्हा हातात धरली नाही.

एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "मला अजून आठवतंय हो, काटा रेघेवर होता. माझीच नजर चुकली असेल का?"

"असेल," मी म्हटलं.

परवा मेहुण्याचा फोन आला. वर्षश्राद्धाला या म्हणाला. "तिला आणू नका दाजी, उगाच घरात वाद नकोत." मी ते तसंच तिला सांगितलं. आज दुपारी ती माझा शर्ट इस्त्री करत होती. पिशवीत आईच्या आवडीचे चिकू भरलेले होते. "नैवेद्याच्या पानाशेजारी ठेवायला सांगा," ती म्हणाली. "मी दिले म्हणू नका. बाजारातून आणले म्हणा."

माझ्यानं राहवलं नाही. रेघ, काच, बावीस, सगळं सांगून टाकलं. रुमालाचंही.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. "तुम्ही पुसली?" एवढंच विचारलं.

"हो."

वाटलं होतं रडेल, निदान शर्ट तरी अंगावर फेकेल. तिनं माझा फोन उचलला, भावाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन इस्त्रीच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. तिकडून लगेच आवाज आला.

"बोला दाजी. एकटेच येताय ना?"