उजेड मंडळाची सभासद आनंदी

मालवणच्या मासळी बाजारात आनंदी गिरकरच्या पाटीसमोर कुणी घासाघीस करायला उभा राहिला, की शेजारच्या बायका हातातलं काम सोडून बघत बसायच्या. फुकटची करमणूक कोण सोडतो? आनंदी आरडाओरडा करायची नाही. गिऱ्हाइकाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि शांतपणे म्हणायची, "तुका मासो होयो की भांडाण होया? भांडाण होया तर जरा थांब, ह्या गिराइक जावंदे." माणूस निमूट पिशवी पुढे करायचा.

मालवणच्याच दांडीच्या किनाऱ्यावर तिचं घर. नवरा सहदेव रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्यावर. मुलगी वर्षाली, गावातल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला, विषय भौतिकशास्त्र. आनंदी स्वतः सातवी पास. त्यापुढे शाळा सुटली ती सुटली, त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. पण वर्षाली टेबलाशी बसून वाचायला लागली, की ही कोळंबी सोलता सोलता विचारायची, "आज काय शिकयला?" आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायची नाही.

२००६च्या जानेवारीत एका संध्याकाळी वर्षालीने भलतंच मागितलं. "आये, माका उद्या सुरमयचो डोळो होयो."

"कित्याक? खातंस काय?"

तर भानगड अशी होती. कॉलेजात स्टेला मॅडम म्हणून भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी कोपऱ्यातली एक पडीक खोली मागून घेतली, खिडक्यांना काळा रंग फासला आणि मुलांचं एक मंडळ काढलं. उजेडाचा अभ्यास करणारं, म्हणून नाव उजेड मंडळ. कपाटात वर्षानुवर्षं कुलपात पडलेला लेसर बाहेर निघाला. माशाच्या डोळ्यात गोल भिंग असतं, ते काढून बघायचं मुलांच्या मनात होतं. आठवडाभर मुलं माशांची डोकी कापत होती आणि हाती नुसता चिकट लगदा येत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपल्यावर आनंदी स्वतःच डोकं घेऊन कॉलेजात गेली. पदर खोचला, कोयतीचं टोक बुबुळाच्या कडेने फिरवलं, अंगठ्याने मागून हलकेच दाबलं, आणि वाटाण्याएवढी स्वच्छ गोळी तिच्या तळहातावर आली. स्टेला मॅडमनी ती वर्तमानपत्रावर ठेवली. खालचं अक्षर टपोरं झालं. डोळ्यापासून लांब धरून गोळीतून दाराकडे बघितलं, तर दार उलटं. आनंदीने तीनदा बघितलं.

"इतकी वर्सां ह्या मी मांजराक टाकलंय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आनंदी आठवड्यातून दोनदा त्या खोलीत. मुलांना भिंग काढायला शिकवायची. हात थरथरला की टपली. बर्फातला मासा आणला की परत पाठवायची, कारण बर्फात भिंग दुधाळ होतं हे तिने मॅडमच्या आधी ओळखलं होतं. तिच्याबरोबर आणखी दोघं यायला लागले. सांतान नावाचा सुतार, ज्याने लेसर ठेवायला लाकडी घोडे करून दिले. आणि दाजी, सत्तरीचा म्हातारा, खाडीत भाल्याने मासे मारणारा. मासा दिसतो तिथे नसतो, त्याच्या खाली असतो, हे दाजीने पोरांना बादलीत काठी बुडवून समजावलं. ते का, हे मग पोरांनी दाजीला समजावलं. आनंदीला ती खोली आवडायची. तिथे ती बोलली की बी.एस्सी.ची मुलं वहीत लिहून घ्यायची. असं तिच्या आयुष्यात कुठे झालं नव्हतं आणि ते तिला फार आवडलं होतं, उगाच कशाला लपवा.

पण प्राचार्यांच्या डोळ्यात ती खोली सलत होती. त्यांना तिथे कॉम्प्युटर लावायचे होते. जून महिन्यात एका शास्त्रीय संस्थेची जाहिरात आली. प्रकाशशास्त्र आणि फोटॉनिक्स, म्हणजे उजेडाचंच तंत्रज्ञान, या विषयांत उत्तम काम करणाऱ्या कॉलेजांच्या विद्यार्थी मंडळांचा त्या वर्षी सन्मान होणार होता. प्राचार्य स्टेला मॅडमना म्हणाले, "सन्मान मिळाला तर खोली तुमची. नाही मिळाला तर दिवाळीनंतर कॉम्प्युटर." माणूस शब्दाचा पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

अर्ज वर्षालीने भरला. आता रापणकराची मुलगी सभासदांची यादी कशी करणार? रापणीचा कायदा तिच्या रक्तात. जाळं ओढताना ज्याने दोरीला हात लावला त्याचा मासळीत वाटा. मग तो मालक असो, नाहीतर वाटेने जाता जाता थांबलेला पाहुणा. तुझं नाव काय, गाव काय, कुणी विचारत नाही. वर्षालीने त्याच हिशेबाने नावं लिहिली. एकोणीस विद्यार्थी आणि त्यांच्याखाली आनंदी गिरकर, सांतान डिसोजा, दाजी मोंडकर. धंद्याच्या रकान्यात मासेविक्री, सुतारकाम, मासेमारी. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. आपले काम प्रथम फेरीत पसंत पडले आहे. तथापि नियमाप्रमाणे मंडळाचा प्रत्येक सभासद हा त्या महाविद्यालयात नोंदवलेला विद्यार्थी असणे आवश्यक आहे. सुधारित यादी पंधरा दिवसांत न आल्यास अर्ज बाद समजण्यात येईल.

प्राचार्य म्हणाले, "तीन नावं खोडा, विषय संपला." मंडळातली निम्मी मुलंही तेच म्हणाली, आणि त्यांचं चुकत नव्हतं. वर्षाली मात्र हटून बसली. "भिंग कोणी काढल्यान? घोडे कोणी केल्यान? दोरी ओढूक ते आणि वाट्याक आमी?" असं म्हणून तिने सुधारित यादी लिहायलाच नकार दिला.

घरी आनंदीने तिची हजेरी घेतली. "गो, माझा नाव काढ. माका काय त्या कागदाचा लोणचा घालूचा आसा? खोली गेली तर काय करतलंस?"

"नाय काढणंय."

"बापाशीसारी हट्टी," असं म्हणून आनंदी भाताकडे वळली. सहदेव कोपऱ्यात जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही, पण हसला. आनंदीला राग आला होता तो वेगळाच. आपल्या नावापायी खोली जाणार, हे तिला सहन होत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नाव खोडलं जाणं हेही तिला सहन होत नव्हतं. दोन दिवस तिने गिऱ्हाइकांशी धड तोंडही वाजवलं नाही. शेजारची लक्ष्मी विचारायला लागली, बरं नाही काय म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटीवरच्या बांगड्यांवर पाणी मारता मारता ती थांबली. पाटी लक्ष्मीच्या हवाली केली, हात धुतले आणि सरळ कॉलेजच्या ऑफिसात गेली. त्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं केंद्र होतं. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी रविवारी वर्ग भरायचे, हे तिला माहीत होतं, कारण त्या वर्गातला एक पोस्टमन तिच्याकडून मासे घ्यायचा.

खिडकीत नितेश नावाचा क्लार्क होता. ऑफिसात आनंदी नेहमी पुस्तकी बोलायची. "भाऊ, मला प्रवेश पाहिजे."

"कुणासाठी, मावशी?"

"मला म्हणजे मला. बारावी नसलेल्यांचा तो पूर्वतयारीचा. वयाची अट काय आहे?"

"अठरा पूर्ण हवीत."

"मगे झाली बहुतेक," आनंदी म्हणाली. पुस्तकी बोलणं तिला एवढंच पुरायचं.

नितेशने फॉर्म दिला. तिने तीन मागितले. दुपारी तिने दाजीला खाडीवरून आणि सांतानला रंध्यावरून उठवून आणलं. सांतान आढेवेढे न घेता बसला. दाजी म्हणाला, "माका आता शिकान खंय जावचा आसा?" आनंदी म्हणाली, "खंयच नाय. खोलीतच बसाचा आसा. सही कर." दाजीने सही केली. तिघांना त्या कॉलेजच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली. वर्षालीने तीच बावीस नावं पुन्हा लिहिली, तिघांपुढे प्रवेश क्रमांक घातला आणि यादी मुदतीच्या दोन दिवस आधी रवाना झाली. नियमात विद्यार्थी कशाचा असावा हे कुठे लिहिलं नव्हतं. संस्थेने अर्ज मान्य केला. लिहिलेलं तर पाळावंच लागतं ना.

सप्टेंबरात शेवटची फेरी रत्नागिरीला. मंडळातर्फे चौघांनी यायचं होतं: स्टेला मॅडम, वर्षाली, आणखी एक मुलगा आणि आनंदी. आदल्या दिवशीच एस.टी.ने गेले. सकाळी मॅडम उठून बघतात तर आनंदी जाग्यावर नाही. ती मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन, तिथल्या बायकांशी यथास्थित हुज्जत घालून, ताजी सुरमई घेऊन आली होती.

सभागृहात आठ मंडळं होती. पुण्या-मुंबईच्या मुलांकडे अशी यंत्रं की नुसती बघत राहावीत. आनंदीने टेबलावर केळीचं पान पसरलं. परीक्षक तिघे होते. तिने त्यांच्यासमोर भिंग काढलं, गोळी त्यांच्याच कार्यक्रमपत्रिकेवर ठेवली आणि बाजूला सरली. पुढचं सगळं वर्षाली बोलली: काचेचं साधं गोल भिंग असतं तर कडेची किरणं भरकटली असती, माशाच्या भिंगात मात्र मधला भाग दाट आणि कडेचा विरळ, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. आनंदीला त्यातलं बरंचसं कळत होतं. वर्षाली कुठे अडखळली नाही.

मग मधल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि दिवसभर प्रत्येक मंडळाला विचारलेला प्रश्न विचारला. "काम छान आहे. पण कॉलेजातली मंडळं आम्ही खूप बघितली. चार हुशार मुलं असतात तोवर चालतं, ती पास होऊन गेली की कुलूप. तुम्ही पुढच्या वर्षी जाणार. मग हे शिकवणार कोण?"

याआधीच्या सातांनी या प्रश्नाला कायकाय उत्तरं दिली होती. पुस्तिका काढू, वेबसाइट करू, समिती नेमू. वर्षालीने मॅडमकडे बघितलं, मॅडमनी टेबलाकडे.

आनंदीने पदराला हात पुसले. "साहेब, ही मुलं हुशार आहेत. तीन वर्षांत पास होतात आणि जातात. मी तेवढी हुशार नाय. माझी आत्ता पूर्वतयारी, मग बी.ए. तीन वर्षं, त्यात मासळीचो धंदो. माका वेळ लागतलो. तवसर जी पोरां येतली तेंका मी शिकयतंय."

सभागृहात हशा पिकला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. संध्याकाळी निकाल वाचला गेला तेव्हा सन्मान मालवणला मिळाला. प्राचार्यांनी शब्द पाळला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत गेले.

आता खरी अडचण पुढेच होती. मे महिन्यात पूर्वतयारीची परीक्षा झाली आणि आनंदी पहिल्या झटक्यात पास झाली. दाजीने पेपर दिलाच नाही. सांतान गणितात गेला. बाजारातल्या बायकांनी तिला पेढे मागितले, पण तिचं लक्ष नव्हतं. पास झाली म्हणजे ती विद्यार्थी राहिली नाही, आणि विद्यार्थी नाही तर नियमाने मंडळाची सभासदही नाही. त्याच दुपारी ती खिडकीशी गेली आणि बी.ए.चा फॉर्म भरला. वर्षालीही त्याच वर्षी पास होऊन गोव्याला एम.एस्सी.ला गेली. तिच्या बरोबरची सगळी पांगली. नवी मुलं आली, त्यांचे हात थरथरले, त्यांना टपल्या बसल्या.

२०१०च्या उन्हाळ्यात बी.ए.चा निकाल लागला. तेव्हा मंडळात एकतीस मुलं होती आणि वर्षालीच्या वेळचं त्यांत एकही नव्हतं. नितेशने गुणपत्रिका खिडकीतून बाहेर सरकवली, आनंदी सेकंड क्लासात पास होती. तो म्हणाला, "अभिनंदन, मावशी. संपलं एकदाचं शिक्षण."

आनंदीने गुणपत्रिका घडी करून पिशवीत ठेवली, आणि हात पुन्हा खिडकीतून आत घातला. "एम.ए.चो फॉर्म दी."