पेंढ्यावरची बॅटरी

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिकल खात्यात आहे. तिथे बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप असतं, आत पंखा चालू असतो आणि दारावर धोक्याची पाटी आहे. ती पाटी मीच लावलेली. हे शहाणपण मी घरी कधी नेलं नाही. सुट्टीला घरी गेलो की मी जेवतो आणि झोपतो.

त्या वर्षी पहिल्या तोडीचे आंबे घरात पेंढ्याच्या आढीत पिकत होते आणि उशिराच्या मोहरावर बाबांची फवारणी अजून चालली होती. पाठीवरचा पंप बॅटरीवर चालणारा. मोसमात वाडीचं व्होल्टेज इतकं पडायचं की चार्जरचा लाल दिवा दिवसभर हिरवा व्हायचं नाव घ्यायचा नाही. म्हणून बाबा बॅटरी आढीच्या खोलीत लावत. तिथलं बोर्ड मीटरजवळ, तेव्हा करंटही तगडा, असा त्यांचा हिशेब. आणि बॅटरी ठेवत ती आंब्यासारखी पेंढ्यावर.

"भुईवर ठेवली की भुई करंट पिते," ते म्हणाले.

मी हसलो. पेंढ्यावर नको, एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण सत्तरीच्या माणसाशी वाद कोण घालणार?

उलट मीच दीडशहाणपणा केला. माझ्या विकलेल्या स्कूटरचा चार्जर घरात पडून होता. त्याची पिन पंपाच्या बॅटरीला बसली. त्याचं व्होल्टेज पंपाच्या चार्जरपेक्षा कितीतरी जास्त आहे हे मला माहीत होतं, तरी पटकन होईल, अर्ध्या तासात काढा, असं बाबांना सांगून मी ड्युटीला निघालो.

बाबा बागेत गेले आणि विसरले. आई खोलीत आंबे निवडत बसली होती. बॅटरी फुगली, फुटली आणि पेंढा पेटला. आईने हातानेच पेटता पेंढा बाहेर ओढला. घर वाचलं, पण तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

दवाखान्यात जो येईल तो बाबांना बोलत होता. या वयात कशाला हवेत असले उद्योग, असं माझी बहीणसुद्धा म्हणाली. बाबा मान खाली घालून, विसरलो ते मीच, एवढंच म्हणत राहिले. चार्जर जळून गोळा झाला होता. तो कुठला, हे कुणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. मला स्वतःची किळस आली, तरी नाही उघडलं.

आईचा हात आता बरा आहे, फक्त बोटं पुरती मिटत नाहीत. बाबांनी पंप शेजाऱ्याला देऊन टाकला. मी घरी गेलो की ते मोबाईल आणि चार्जर घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहतात.

"तूच लाव रे. माज्या हातून नको आता."

मी लावून देतो.