मोबाइलनंतरचं पहिलं पुस्तक

मुरबाडच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या काकांची एक सवय होती. परत आलेल्या पुस्तकाच्या कडेवरून ते अंगठा फिरवत आणि विचारत, "पान नाय ना दुमडलंस?"

गेली तीन वर्षं मी मोबाइलवरच वाचत होतो. शेवटी डोळे चुरचुरायला लागले, कागदाची आठवण यायला लागली, म्हणून परवा तिथे गेलो. माझा आवाज ऐकून काकांनी मान वर केली. "तू का रे? बस." मी मागितलेली कादंबरी त्यांनी कपाटातल्या पुस्तकांवरून बोटं फिरवत अचूक काढली. पण ती माझ्यापुढे धरली तेव्हा त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर होती.

"काका, तुमाला दिसत नाय?"

"दोन वर्सं झाली," ते शांतपणे म्हणाले. "कमिटीला बोलू नको, घरी बसवतील. नोंद तूच कर."

मी रजिस्टर उघडलं. दोन वर्षांतली प्रत्येक नोंद वेगळ्या अक्षरात होती. येणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. मी त्यांच्याखाली माझं नाव लिहिलं.