नागप्पाची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या एका खटल्यानंतर माझी वकिली चालायला लागली, एवढं तिला माहीत आहे. कशाच्या जोरावर — ते नाही.

नागप्पा बहात्तरच्या दुष्काळात अक्कलकोटकडून सोलापुरात आला. शुक्रवार पेठेत हातगाडी ओढायचा, बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा. एकदा त्याच्या गाडीवरच्या पोत्यात गांजा सापडला. माल ज्याचा होता तो पळाला, सापडला हा. मी नवशिका वकील, त्याचं वकीलपत्र माझ्याकडे. पोतं आपलं नाही म्हणून तो रडत होता. आणि मी काय सांगितलं? आम्ही सगळेच गरीब अशिलांना सांगायचो तेच — कबूल करून टाक. तारखा पडतील, दर तारखेला मजुरी बुडेल. दंड भर नि मोकळा हो. त्यानं ऐकलं. वकील म्हणजे शहाणा माणूस, अशी त्याची समजूत होती.

दोन वर्षांनी त्याच पेठेत एका आडत्याच्या मुलानं हमालाच्या डोक्यात लोखंडी गज घातला. हमाल मेला. भर दुपारची वेळ, पण आपण पाहिलं म्हणायला एकटा नागप्पा पुढं आला. आणि आडत्याच्या मुलाचा वकील — मी.

मुलानं मारलं होतं. त्यानंच मला सांगितलं होतं. नागप्पा खोटं बोलणाऱ्यातला नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. मग माझ्या हातात उरलं काय? नागप्पाच्या जुन्या कबुलीबद्दल अख्ख्या कोर्टात फक्त मला माहीत होतं, तेवढंच.

उलटतपासणीत विचारलं — गांजाच्या गुन्ह्यात तुला शिक्षा झाली, खरं ना? तू स्वतः गुन्हा कबूल केलास, खरं ना? साक्षीदाराची पत घालवायला कायद्यानं असं विचारता येतं. पण गांजाचा आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गजाचा संबंध काय? आणि गांजा तरी त्याचा कुठं होता?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "सायेब, कबूल कर म्हणून तुमीच सांगितलं हुतं की."

न्यायाधीशांनी त्याला हो की नाही एवढंच बोलायला बजावलं.

"व्हय," तो म्हणाला.

मला लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगू — आनंद झाला.

साक्षीदार भरवशाचा नाही, असं निकालात आलं. मुलगा सुटला. हमालाची बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती. आत यायचा तिला धीर झाला नव्हता. मी कुणाचा वकील, तिला काय कळणार? काळा कोट दिसला म्हणून तिनं मलाच विचारलं, काय झालं. मी म्हणालो, साक्षीदारानं घाण केली.

नागप्पा चार पावलांवर उभा होता. ती उठली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं तोंड पुसलं, आणि तिच्यासमोर हात जोडले. चूक आपलीच, असं त्याला वाटत होतं.

मी तिथंच उभा होतो.