सगळ्यांची नावं एकाच यादीत

सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलवाल्यांच्या वेबसाइट एका सकाळी एकदम बंद पडल्या. पाडल्या अल्तमशनं, तेही कुणाचं मन मोडू नये म्हणून.

प्रत्येक साइटला खरेपणाचं डिजिटल प्रमाणपत्र लागतं. त्याची मुदत संपली की गिऱ्हाइकाच्या फोनवर धोक्याची सूचना येते. मुदत वाढवून घ्यायचं सॉफ्टवेअर अल्तमश सांभाळायचा. एरवी तो दुकानांच्या छोट्या छोट्या याद्या त्यात टाकायचा आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवायचाही. मागच्या खेपेला त्यातले एक टॉवेलवाले, धोंडप्पा, रुसले.

"आमाला दुसऱ्या यादीत घातलंस व्हय रं? पत्रिकेत नाव मागं पडलं तर मानूस लग्नाला जेवाय बी जात न्हाय."

म्हणून या खेपेला पठ्ठ्यानं अख्खा बाजार एकाच यादीत बसवला. सॉफ्टवेअर प्रत्येक नाव बाकीच्या प्रत्येक नावाशी ताडत बसलं, ते उठेचना. तेवढ्यात जुन्या प्रमाणपत्रांची मुदत संपली.

हेमावती, म्हणजे सगळ्यांची हेमाक्का, तडक त्याच्या टेबलाशी आली. हैदराबादचा हॉटेलवाला दुपारी तिची साइट बघून वर्षाची ऑर्डर देणार होता. साइट बंद दिसली तर तो शेजारच्या गल्लीत जाणार, हे नक्की.

"काय करतंय तुझं यंत्र?"

"नावं वाचतंय, आक्का."

"पोथी हाय का ती? बंद कर की."

"केलं की परत याद्या तोडाव्या लागतील. कुणीतरी मागं राहणार."

"मग माझं टाक शेवटी. पण जेवणाआधी आटप."

अल्तमशनं सॉफ्टवेअर बंद केलं आणि नावं थोडी थोडी करून दिली. हेमाक्काचं पहिलं घातलं. शेवटच्या यादीत नेमके धोंडप्पा आले. दुपारी हॉटेलवाल्यानं ऑर्डर दिली, वर पंच्यांचीही चौकशी केली.

घास तोंडात असताना अल्तमशच्या डोक्यात आलं, आपण चांगुलपणानं केलं ते बाहेरचा कुणीही खोडीनं करू शकेल. एक लांबलचक यादी धाडायची, की बाकीचे सगळे दारात ताटकळत. त्यानं ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहून कळवलं. त्यांनी एका यादीत किती नावं चालतील याला मर्यादा घातली आणि आभारांची जाहीर यादी काढली. अल्तमशचं नाव सगळ्यात खाली.

तो रुसून ती यादी हेमाक्काला दाखवायला गेला. हेमाक्कानं फोन हातात घेऊन यादी नीट खालपर्यंत वाचली.

"त्यांच्याकडं जेवाय जाऊ नगंस मग," ती म्हणाली.

तेव्हापासून पुन्हा रुसलेल्या धोंडप्पांकडे जाऊन त्यांची समजूत काढायची, हे त्याच्या मनात पक्कं आहे. दोनदा तो त्यांच्या बोळाच्या तोंडापर्यंत जाऊनही आला. ते दारातच बसलेले असतात.