चहापत्तीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

ट्रेनिंग म्हणजे काय, ते मले विचारा. धान संशोधन केंद्रात चहा कराले लागल्यापासून मी काही कमी ट्रेनिंगं नाई पाह्यली. पह्यल्या दिवशी बॅग, पेन आन् पॅड वाटतेत. दीप लावतेत. दुपारचं जेवण झालं का अर्धे लोक खुर्चीतच डुलतेत. शेवटच्या दिवशी फोटो, सर्टिफिकेट, आन् गेले गाडीत बसून! शिकले काय? तं इथल्या भज्याची चव. मी मनातल्या मनात म्हणायची, कमळे, तुले काय कराचं आहे, तू चहा गाळ. पण ज्योत्स्नासंगं जे झालं त्यानं माह्या डोक्यात जी आग लागली ते अजून विझली नाई, म्हून सांगून राह्यली.

ज्योत्स्ना मूल तालुक्यातली, माह्याच गावची पोरगी. तिचा बाप बापूजी तलावाच्या पाण्यावर धान लावते. पण त्याच्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, तलावापासून सगळ्यात शेवटी. वरच्याईचे तुकडे भरले आन् पाणी उरलं, तं मंग ते त्याच्याकडं येते. अशा घरची पोरगी शेतीचं शिकली आन् शास्त्रज्ञ म्हून आमच्या केंद्रात लागली, कंत्राटावर का असेना. चारचौघात मी तिले मॅडम म्हणायची, घरी ज्योत्स्ना.

आमच्या मोठ्या साहेबानं धानाचा एक नवा वाण काढला होता. कागदावर लांबलचक नाव, आखरीले सतरा. आम्ही त्याले सतरा नंबर म्हणायचो. हे सतरा नंबर दरसाल एकाच जागी लागे, रस्त्याच्या कडेच्या बांधीत, कालव्याच्या तोंडाशी. काऊन? तं पाव्हणे गाडीतून येतेत, त्याईचे बूट चिखलात नाई भरले पाह्यजे! गाडीतून उतराचं, धान पाह्याचं, वा वा म्हणाचं, काजू खाऊन जाचं. जुनं धान बिचारं मांगं, कोरड्या बांध्याईत. मंग कापणीले सतरा नंबर जास्त भरलं का साहेब मिशीवरून हात फिरवे.

नागपूरले शास्त्रज्ञाईसाठी सांख्यिकीचं पाच दिवसाचं ट्रेनिंग निघालं. प्रयोग कसा मांडाचा, आकडे कसे तपासाचे, ते शिकवणारं. कोणालेच जाचं नव्हतं म्हून साहेबानं ज्योत्स्नाले धाडलं. म्हणे, सर्टिफिकेट घेऊन ये, फाइलीले लागते.

ती वापस आली ते पेटूनच. स्वयंपाकघरात माह्यासमोर पाटावर बसली आन् म्हणते कशी, "कमळाबाई, इतके वर्षं आपण वाण मोजलाच नाई. आपण कालव्याचं पाणी मोजून राह्यलो!" मंग तिनं समजावलं. कोणतं धान कोणत्या बांधीत जाईल हे माणसानं ठरवाचंच नाई. चिठ्ठ्या टाकाच्या. माणूस आपल्या लाडक्याले चांगली जागा देते, चिठ्ठी कोणाचं तोंड पाहत नाई.

तिनं साहेबाले सांगितलं, यंदा चिठ्ठ्या टाकू. साहेब हसले. "मॅडम, ट्रेनिंग झालं ना? सर्टिफिकेट फाइलीला लागलं ना? मग विषय संपला." असा बोलला तो माणूस! म्हणजे शिकून याचं, पण शिकलेलं बॅगेतच ठेवाचं.

पण ज्योत्स्ना ऐकणारी नव्हती. रस्त्याकडची बांधी साहेबाले सोडून दिली आन् मांगच्या बांध्याईत तिनं आपला प्रयोग मांडला. माह्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, आन् धान रोवाले आलेल्या बायाईनं त्या काढल्या. त्याईतली गिरजाबाई हसून राह्यली होती, "लॉटरी लागली काय वो मॅडम?" सतरा नंबर कुठी मांगच्या पाटाच्या पाण्याजवळ आलं, कुठी पार शेवटी. दिवाळी झाल्यावर कापणी झाली. पाण्याजवळ सतरा नंबर बरं होतं, खोटं काऊन बोलू. पण शेवटच्या बांध्याईतली लोंबी चोळून पाह्यली तं निस्तं पोचट! आन् त्याच्या बाजूले जुनं धान भरून उभं.

साहेबाचा अहवाल तं पह्यलेच तयार होता. सतरा नंबर साऱ्या भागात लावा, असा. मांगच्या बांध्याईचं त्यात नाव नाई. खाली प्रयोग पाहणाऱ्याची सही लागत होती, म्हणजे ज्योत्स्नाची. तिनं कागद वापस सरकवला. "नाई करत सही, साहेब. माह्या बाबाच्या बांधीत हे लावलं तं घरी तांदूळ नाई, कोंडा येईल." मी चहा घेऊन दारातच उभी होती. साहेबाचं तोंड असं लाल झालं, का मी ट्रे घेऊन तशीच मांगं फिरली.

आन् मंग गंमत पाहा. पुढच्या पावसाळ्यात तेच सांख्यिकीचं ट्रेनिंग आमच्याच केंद्रात आलं! कोणाच्या हाताखाली? साहेबाच्याच! दूरदूरचे शास्त्रज्ञ आले. बॅगा आल्या. शेवटच्या दिवशी बांधावर मंडप टाकला आन् प्रात्यक्षिक ठेवलं, चिठ्ठ्या कशा टाकाच्या त्याचं. डबा पाह्यजे म्हून माह्याच चहापत्तीचा डबा नेला. चिठ्ठ्या साहेबानं स्वतः केल्या. माइकवर चिठ्ठी वाचाले ज्योत्स्नाले उभं केलं, पाव्हण्याईपुढं बाईचा आवाज बरा वाटते म्हून.

मोठ्या पाव्हण्यानं रस्त्याकडच्या बांधीसाठी चिठ्ठी काढली. ज्योत्स्नानं वाचली, "सतरा." टाळ्या! साहेब म्हणे, पाव्हण्याचा हात शुभ आहे. "वेळ कमी आहे, बाकीच्या चिठ्ठ्या मागाहून काढू." आन् डब्याले हात घातला.

पण डबा ज्योत्स्नाच्या हातात होता. ती म्हणाली, "एक मिनिट, साहेब." दुसरी चिठ्ठी काढली. माइकवर वाचली. "सतरा." तिसरी काढली. "सतरा." कोणीतरी हसलं. मंग हसणं थांबलं. ती एकेक चिठ्ठी उघडून वाचत गेली. डबा रिकामा होईपर्यंत साऱ्या चिठ्ठ्या सतराच, जुन्या धानाची एकबी नाई. मंग तिनं डबा उलटा करून दाखवला.

मले वाटलं, आता उठतील. पाच दिवस हेच तं शिकले बापा! एक तरी उठून म्हणेल, साहेब, हे काय? कोणी खाली पाहे, कोणी मोबाइलमंधी. पाव्हण्यानं घड्याळ पाह्यलं. आन् साहेब म्हणे, "चला, चहा तयार आहे." आन् गेले ना सारे! मुकाट्यानं लाइन लावून माह्याच हातचा चहा पेले. मंग फोटोले दात काढून उभे राह्यले. सर्टिफिकेटं घेतली. आग लागो त्या सर्टिफिकेटाले! इतक्या शिकलेल्या माणसाईत एकाले तोंड नव्हतं.

ज्योत्स्नाचं कंत्राट पुढं वाढवलं नाई. तिच्या जागी त्याच ट्रेनिंगमंधला एक जण आला. टेबलामांगं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, आन् पह्यल्याच हप्त्यात त्या अहवालावर सही ठोकली. मी त्याले चहा देते, पण बोलत नाई.

त्याच अहवालाच्या भरोशावर यंदा सतरा नंबरच्या बियाण्याच्या पिशव्या आमच्या गावात आल्या, घरोघर, फुकट. लोक साऱ्या बांध्याईत तेच लावाले निघाले होते. ज्योत्स्ना माह्याकडं आली. "कमळाबाई, डबा द्या." मी दिला. चिखल तुडवत ती प्रत्येकाच्या शेतावर गेली. म्हणे, सारं नका लावू, माह्यावर भरोसा नका ठेवू, साहेबावर बी नका ठेवू. एकाच बांधीत नवं लावा, बाकी जुनं राहू द्या. कोणती बांधी, ते चिठ्ठी सांगेल. बापूजीले पह्यले पटत नव्हतं, "पोरी, नोकरी गेली तरी तुहं हे खूळ नाई गेलं." पण त्यानंबी डब्यात हात घातला. चिठ्ठी आली ते त्याच्या सगळ्यात शेवटच्या बांधीची.

आता लोंब्या बाहेर पडून राह्यल्या. साहेबाची शिवारफेरी पुढच्या हप्त्यात आमच्याच गावात आहे, संगं पाव्हणे आहेत. बापूजीच्या त्या सतरा नंबरच्या शेवटच्या बांधीले रस्ता नाई. तिथी गाडी जात नाई, आन् आम्ही सारे तिथीच उभे राहणार आहो. या साहेब, काढा बूट.