सामंतसाहेबांचा भुरका

सामंतसाहेब खायला-प्यायला बसले की शेजारच्या खोलीत कळायचं. चहा असो, आमटी असो, नाहीतर ऑफिसच्या मशीनमधलं पुचाट सूप असो, त्यांचा भुरका ठरलेला. लांब, खणखणीत, आणि शेवटी समाधानाचा एक "हाऽऽ". दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या ऑफिसात मी नवा होतो, तेव्हा पॅन्ट्रीतून तो आवाज आला आणि पाण्याचा पाइप फुटला असं वाटून मी धावत गेलो. आत गोल चेहऱ्याचा, पंचावन्नच्या पुढचा एक माणूस बशीतून चहा पीत उभा होता.

"घाबरलात? मी कुडाळचा सामंत. तुम्ही पुण्याचे ना? चेहऱ्यावरच लिहिलंय."

माझं आडनाव त्यांना नंतर कळलं, पण वापरलं कधीच नाही. मी कायमचा "पुणेकर" झालो.

आम्ही दोघंही शारजात राहायचो, त्यामुळे मी त्यांच्या गाडीतून येऊ-जाऊ लागलो. सकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकायच्या, तेव्हा सामंतसाहेब थर्मास उघडायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. ज्या घरात चमचा ताटाला लागला तरी वडील डोळे वटारायचे, त्या घरात मी वाढलो. दुसरं काय करणार? एकदा त्यांनी माझा चेहरा पकडला. म्हणाले, "अहो, आवाज नाही केला तर वाटीला कळणार कसं, आपल्याला आवडलं म्हणून?"

ऑफिसजवळच्या मॉलमध्ये उदोन नावाच्या नूडल्सचं जपानी हॉटेल उघडलं, तेव्हा एका बुधवारी मीच त्यांना तिथे घेऊन गेलो. ट्रे घेऊन काउंटरच्या कडेने पुढे सरकायचं. पलीकडे सुनीता नावाची नेपाळी बाई उभी होती. तिने जाडजूड पांढऱ्या नूडल्स मोठ्या वाडग्यात घातल्या, वरून वाफाळतं सूप ओतलं, आणि सामंतसाहेब ओरडलेच, "हे तर आमचे शिरवाळे!" तांदळाच्या उकडीचे शिरवाळे त्यांची आई लाकडी साच्यातून दाबून काढायची आणि नारळाच्या गोड रसात घालून द्यायची. ते सगळं त्यांनी रांग थांबवून सुनीताला हिंदीत समजावलं. तिनेही निमूट ऐकून घेतलं.

आम्ही बसलो. शेजारच्या टेबलावर टाय लावलेले एक वयस्कर जपानी गृहस्थ होते. त्यांनी नूडल्स उचलल्या आणि असा काही भुरका मारला की माझा चमचा हातातच राहिला. कोणी वळून बघितलं नाही, कोणी हसलं नाही. सामंतसाहेब त्यांच्याकडे देवळात उभं राहिल्यासारखे बघत होते.

"पुणेकर, हा माणूस कुडाळचाच असणार."

मग त्यांनी स्वतःचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला. त्यांचा आवाज ऐकून जपानी गृहस्थांनी मान किंचित झुकवून दाद दिली. सामंतसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सूप गरम असेल, असं मला वाटलं.

तेव्हापासून दर बुधवारी आमचं उदोन ठरलं. मलाही ते आग्रह करायचे. मी भीत भीत ओठांतून काहीतरी फुरफुर करायचो, की हे टेबलावर हात आपटून म्हणायचे, "अजून थोडा मोठा! वाटीला कळू दे!"

त्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण मला पुढे एका संध्याकाळी कळलं. गाडी शारजाच्या रस्त्यावर अडकलेली होती. त्यांची एकुलती मुलगी सई जन्मापासून इथेच वाढलेली. बारावीच्या निरोपाचं जेवण हॉटेलात होतं, आई-वडिलांसकट. सूप आलं आणि सामंतसाहेबांनी भुरका मारला. पोरं हसली. पुढे परीक्षा संपेपर्यंत तिला बघून तोच आवाज काढायची. त्या रात्री परत येताना सई म्हणाली, "बाबा, प्लीज. डोन्ट ईट विथ मी. एव्हर."

"मग काय," सामंतसाहेब समोरच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "ती जेवायला बसली की मी गॅलरीत जायचो. चार महिन्यांनी टोरोंटोला गेली शिकायला. एका ताटाला बसणं राहूनच गेलं."

एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला.

टोरोंटोला गेल्यापासून दोन वर्षांनी सई पहिल्यांदाच सुट्टीला येणार असं ठरलं. सामंतसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "पुणेकर, एक काम करा. मला आवाज न करता जेवायला शिकवा. तिला बुधवारी उदोन खायला नेणार आहे मी."

मी शिकवलं. आज सांगायला लाज वाटते, पण मोठ्या हौसेने शिकवलं. नूडल्सचा छोटा घास घ्यायचा, चमच्यात गोळा करायचा, ओठ मिटून चावायचं. पहिल्या बुधवारी ते घामाघूम झाले. चौथ्या बुधवारी त्यांनी अख्खा वाडगा मुक्याने संपवला आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखं माझ्याकडे बघितलं. "अंकल की तबियत ठीक है?" असं सुनीताने मला हळूच विचारलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सई आली त्या बुधवारी मलाही त्यांनी सोबतीला नेलं; एकट्याने परीक्षेला बसायची भीती वाटत असावी. मुलगी उंच, वाळलेली, वडिलांसारख्याच गोल चेहऱ्याची. सामंतसाहेबांनी छोटा घास घेतला. ओठ मिटले. दुसरा घेतला. मी टेबलाखाली पाय हलवत मनातल्या मनात त्यांना मार्क देत होतो. सईने खाणं थांबवलं.

"बाबा, व्हाय आर यू ईटिंग लाइक दॅट?"

"लाइक व्हॉट, बाळा?"

"लाइक दिस! चुपचाप!" तिचा आवाज रडवेला झाला. "तिकडे मी रोज एकटी जेवते. एक नूडल शॉप आहे, देअर एव्हरीवन स्लर्प्स, तुमच्यासारखाच भुरका. मी तिथे जाते अँड आय जस्ट क्लोज माय आइज. मला वाटतं तुम्ही बसलाय."

सामंतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघावं ते मला सुचेना. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, आणि जो भुरका मारला तो काउंटरपलीकडे पोचला. सुनीताने टाळी वाजवली. सई हसत होती, रडत होती आणि नाक पुसत होती. त्या दोघांना तसं बघून मला माझ्या वडिलांची फार आठवण झाली. त्यांच्या जेवणाचा आवाज कसा होता, हे मला सांगताच येत नाही.

वर्षभराने सामंतसाहेब निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की देश. पंचवीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून ते कुडाळला गेले. निघताना म्हणाले, "बुधवार चुकवू नका. यल्ला, चला आता." तो त्यांनी स्वतःही चुकवला नाही. तिकडे त्यांचं जेवण एक वाजता, म्हणजे आमच्याकडे साडेअकराला. बुधवारी त्या वेळेला फोनवर व्हॉइस मेसेज यायचा. नमस्कार नाही, बोलणं नाही. सोलकढीचा एक भुरका आणि "हाऽऽ". एकदा तो भर मीटिंगमध्ये मोठ्याने वाजला. माझ्या बॉसने मला डॉक्टरकडे जायला सांगितलं.

या मार्चमधल्या एका बुधवारी मेसेज आला नाही. संध्याकाळी सामंतवहिनींचा फोन आला. सामंतसाहेब पहाटे झोपेतच गेले होते.

महिन्याभराने सईचा टोरोंटोहून फोन आला. "काका, बाबांचे फोटो आहेत माझ्याकडे, व्हिडिओ आहेत. पण सगळ्यांत ते नुसते पोज देऊन उभे. जेवतानाचं काहीच नाही. तुमच्याकडे आहे काही?"

माझ्याकडे सत्तेचाळीस बुधवार होते. मी ते एकेक करून तिला पाठवले.

पुढच्या बुधवारी मी उदोनच्या टेबलावर एकटाच बसलो होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. टोरोंटोत नुकतं उजाडत होतं. ती तिच्या स्वयंपाकघरात बसलेली होती आणि पुढ्यात नूडल्सचा वाडगा होता. "काका, ऐका हं," ती म्हणाली आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलला. हलकासा, बुजरा आवाज आला.

"बरोबर झाला का?"

मी टेबलावर हात आपटला.

"अजून थोडा मोठा, सई. वाटीला कळू दे."